जॅझ सेशनची डिस्कोग्राफी सोलापुरात बसून कशी करावी

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या कागदावर ३/२/५९ अशी तारीख दिसली की आपण ती सरळ ३ फेब्रुवारी १९५९ अशी वाचतो. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे ती २ मार्च. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डचं पहिलं सेशन, म्हणजे ध्वनिमुद्रणाची बैठक, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये झालं. दुसरं सेशन ४/२२/५९ चं. बाविसावा महिना नसतो, त्यामुळे तिथे कुणी फसत नाही. धोका बारा तारखेपर्यंतच्या नोंदींना असतो. अशी एक तारीख कुणीतरी उलटी लिहिली की पुढचे दहा जण ती तशीच उतरवून घेतात, आणि मग ‘सगळीकडे असंच दिलंय’ हाच पुरावा होऊन बसतो.

सोलापुरात नाट्यगीतं, कानडी पदं, तेलुगू आणि हिंदी सिनेमाची गाणी एकाच पेटीत जपणारी माणसं आहेत. तबकडीचं लेबल बारकाईने वाचायची सवय त्यांना असतेच. जॅझकडे वळताना ती सवय कामी येते, फक्त नोंदीचा पाया बदलावा लागतो. आपला संग्राहक रेकॉर्डनुसार यादी करतो: कंपनी, क्रमांक, गायक, दोन बाजू. जॅझची डिस्कोग्राफी, म्हणजे ध्वनिमुद्रणांची तपशीलवार सूची, सेशननुसार चालते. अमुक दिवशी, अमुक जागी, हे वादक जमले आणि त्यांनी हे वाजवलं, ही मूळ नोंद. त्यातलं काय कुठल्या रेकॉर्डवर आलं, ते तिच्याखाली. याचं कारण संगीतातच आहे. सोलो त्या क्षणी सुचलेला असतो. ख्यालात बंदिश तीच राहून ताना बदलतात, तसं. म्हणून एकाच गाण्याचे एकाच दुपारचे दोन टेक, म्हणजे दोनदा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं, या दोन स्वतंत्र नोंदी होतात, आणि पियानोवर कोण बसलं होतं हा प्रश्न जीव लावून सोडवण्याजोगा ठरतो.

आधी आवाका ठरवा

ड्यूक एलिंग्टनपासून सुरुवात करू नका. पन्नास वर्षं रेकॉर्डिंग करणारा माणूस नवख्याला गिळून टाकतो. क्लिफर्ड ब्राउनसारखा कुणी घ्या. हा ट्रम्पेटवादक १९५६ मध्ये पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्याचं रेकॉर्डिंग १९५२ ते १९५६ एवढ्याच काळातलं. किंवा एखादं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, घ्या, किंवा एकाच स्टुडिओचं एक वर्ष. काय घेणार आणि काय सोडणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा: रेडिओवरून टिपलेले कार्यक्रम धरायचे का, खासगी टेप धरायच्या का, दुसऱ्याच्या सेशनमध्ये तुमचा वादक नुसता साथीला असेल तर ती नोंद घ्यायची का. हे नंतर ठरवायला गेलं की निम्मी नोंदवही पुन्हा लिहावी लागते.

नोंद कशी दिसते

२ मार्च १९५९, कोलंबिया थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ, न्यूयॉर्क.
माइल्स डेव्हिस (ट्रम्पेट), कॅननबॉल ॲडर्ली (आल्टो सॅक्सोफोन, ३ मध्ये नाही), जॉन कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), विन्टन केली (पियानो, फक्त १), बिल एव्हान्स (पियानो, २ आणि ३), पॉल चेम्बर्स (बास), जिमी कॉब (ड्रम्स).
१. सीओ ६२२९० फ्रेडी फ्रीलोडर
२. सीओ ६२२९१ सो व्हॉट
३. सीओ ६२२९२ ब्लू इन ग्रीन
प्रकाशन: कोलंबिया सीएल १३५५ (मोनो), सीएस ८१६३ (स्टिरिओ).

एवढ्याशा नोंदीत किती गोष्टी आहेत पाहा. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला ‘सो व्हॉट’ आधी येतं, पण मास्टर क्रमांक (कंपनीने ध्वनिमुद्रणाला दिलेले, इथे ‘सीओ’ने सुरू होणारे) सांगतात की त्या दिवशी ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आधी झालं. म्हणजे नोंदीचा क्रम रेकॉर्डवरून घ्यायचा नाही, क्रमांकावरून घ्यायचा. केली एकाच गाण्यात आहे. मुखपृष्ठावरची नावं पाहून दोन्ही पियानोवादक सगळीकडे टाकले की नोंद खोटी झाली. शिवाय या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या काही प्रतींवर ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ ही दुसऱ्या बाजूची नावं उलटसुलट छापली गेली होती. त्याहून गंमत पहिल्या बाजूची. २ मार्चच्या सेशनला टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ही तिन्ही गाणी रेकॉर्डवर खऱ्यापेक्षा थोडी चढ्या स्वरात वाजत राहिली. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तेव्हा ‘पुनर्प्रकाशन’ एवढं लिहून भागत नाही, कुठल्या आवृत्तीत वेग दुरुस्त आहे हेही टिपावं लागतं. जुन्या रेकॉर्डबरोबर हार्मोनियम लावून बसणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

तबकडी वाचणं

लेबलवर मोठा छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक, म्हणजे कॅटलॉग नंबर. आपल्याला हवा असतो तो लेबलभोवतीच्या मोकळ्या कड्यात, खोबणी संपते तिथे कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स क्रमांक. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्यांच्या काळात तो सहसा एका गाण्याच्या एका ध्वनिमुद्रणाला दिलेला असायचा, आणि त्याच्या शेपटीला टेकचा आकडा: उणे चिन्ह आणि १, २, ३. विक्रीचा क्रमांक तोच राहून टेक बदललेल्या प्रती बाजारात आलेल्या आहेत, म्हणून ‘ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे’ असं समजून दुसरी प्रत न बघता सोडू नका.

कडं वाचायला मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, प्रकाश अगदी कडेने पडू द्या. सरळ वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग असेल तर उत्तम. आधी फोटो काढा, मग वाचा. वाचलेलं अक्षर शंकास्पद असेल तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहा, अंदाजाने भरू नका. तबकडी मऊ ब्रशने झाडल्याशिवाय हे करू नका. सोलापूरची धूळ खोबणीत बसली की ३ चा ८ दिसतो.

एलपीवर भानगड वेगळी. तिथला कड्यातला क्रमांक गाण्याचा नसतो, रेकॉर्डच्या त्या अख्ख्या बाजूचा असतो. त्यावरून सेशन कळत नाही, पण प्रत कधीची हे कळू शकतं. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डचं उदाहरण सगळे संग्राहक देतात. ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरने कापलेल्या बाजूवर त्याच्या नावाची आद्याक्षरं असतात, आणि १९६६ पर्यंत प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेल्या प्रतींवर कानासारखी दिसणारी एक खूण. कंपनी विकली गेल्यावर जुन्याच धातूच्या साच्यांवरून नव्या प्रती निघाल्या, त्यांवर व्हॅन गेल्डरची अक्षरं आहेत पण कान नाही. नुसती अक्षरं पाहून ‘पहिली आवृत्ती’ म्हणणारा विक्रेता भेटला की हे आठवा.

कुठल्या कागदावर किती भरवसा

माझी उतरंड अशी आहे. सगळ्यात वर कंपनीची त्या वेळची रोजवही आणि वादकांच्या संघटनेकडे भरलेले करारपत्र. त्याखाली प्रत्यक्ष तबकडी. मग त्या महिन्यातली नियतकालिकं. मग वादकाची आठवण. सगळ्यात खाली पुनर्प्रकाशनाच्या मुखपृष्ठामागचा मजकूर आणि इंटरनेटवरच्या याद्या. वादकाची आठवण इतकी खाली का, असं विचाराल. माणूस आठवड्यात चार सेशन करतो आणि तीस वर्षांनी त्याला तारीख विचारली जाते. त्याला जागा, माणसं, भांडणं आठवतात, तारीख आठवत नाही.

सोलापुरातून यातलं बरंच घरबसल्या बघता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान्ता बार्बरा केंद्राचा अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे, आणि व्हिक्टरसारख्या कंपन्यांच्या रोजवह्यांवरून केलेल्या नोंदी त्यात सापडतात. ओरिजिनल डिक्सीलँड जाझ बँडचं २६ फेब्रुवारी १९१७ चं सेशन तिथे काढून पाहा. नोंदीची शिस्त शिकायला चांगला धडा आहे. ‘डाउनबीट’ आणि ‘बिलबोर्ड’चे जुने अंक वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर वाचता येतात. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-संग्राहकांच्या संकेतस्थळावर तबकड्यांचे फोटो मुबलक आहेत. फोटो वापरा, त्याखाली लोकांनी टाइप केलेला मजकूर नव्हे. आपल्या विद्यापीठात कुणी ओळखीचं असेल तर जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहाची सोय तिथून होते का, तेही विचारून घ्या.

न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची जॅझ अभ्याससंस्था १९५२ पासून हे साहित्य जमवते आहे. अशा ठिकाणी मेल पाठवताना एकच नेमका प्रश्न विचारा: ‘या क्रमांकाच्या टेक दोनची तारीख तुमच्याकडे काय आहे?’ ‘अमुक वादकाबद्दल माहिती हवी’ अशा मेलला कुठलाच ग्रंथपाल उत्तर देणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

तारखेची झडती

हातात आलेली तारीख काही ठरावीक घटनांवर घासून बघायची. अमेरिकेतल्या वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्ड कंपन्यांवर बहिष्कार टाकला. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये. त्यामुळे १९४३ मधलं व्हिक्टरचं मोठ्या बँडचं स्टुडिओ सेशन कुणी दाखवलं तर आधी भुवई वर करा. ते रेडिओवरून टिपलेलं असेल, सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्कचं असेल, किंवा तारीख चुकली असेल. १९४८ मध्ये दुसरा बहिष्कार झाला. पण ही झडती आंधळेपणाने घेऊ नका. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने सॅव्हॉय कंपनीसाठी सप्टेंबर १९४८ मध्ये, बहिष्कार चालू असताना, गुपचूप रेकॉर्डिंग केलंच. अशा सेशनची कागदपत्रं मुद्दाम गोंधळाची असतात.

जागेवरूनही तारीख पकडता येते. व्हॅन गेल्डर १९५९ च्या मध्यापर्यंत हॅकेन्सॅकमध्ये आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, मग एंगलवुड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत गेला. १९५७ च्या नोंदीत एंगलवुड क्लिफ्स दिसलं तर जागा तरी चूक किंवा तारीख तरी.

कान आणि नावं

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉयसाठी पार्करचं जे सेशन झालं, त्याच्याइतका छळवाद दुसऱ्या कुठल्या सेशनने केला नसेल. बड पॉवेल पियानोवर यायचा होता, तो आला नाही. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी हजर होता, पण त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी, म्हणून ‘हेन गेट्स’ हे टोपणनाव पुढे आलं. माइल्स डेव्हिस तेव्हा एकोणीस वर्षांचा, ट्रम्पेटवर. त्या सेशनमधल्या ‘को-को’ या रचनेची उडी त्याला झेपणारी नव्हती आणि तिथे ट्रम्पेट गिलेस्पीचा आहे, हे आता मान्य आहे. पियानोवर कुठे गिलेस्पी आणि कुठे आर्गोन थॉर्नटन, यावर मात्र अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. ‘को-को’चा मास्टर क्रमांक एस ५८५३. पहिला टेक, ज्या गाण्यावर ही रचना बेतली त्या ‘चेरोकी’ची चाल सुरू होताच थांबवला गेला, दुसरा पूर्ण झाला. तुमच्या नोंदीत दोन्ही हवेत, तुटका आधी.

अशा ठिकाणी कान लागतो, आणि एकट्याचा पुरत नाही. सोलापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारे आहेत. जॅझ त्यांनी ऐकलेलं नसेल, पण ‘हा कॉर्नेट आहे, ट्रम्पेट नाही’ किंवा ‘इथे दोन माणसं आळीपाळीने फुंकतायत’ हे ते पुस्तकी माणसापेक्षा पटकन सांगतात. विचारताना नाव सांगू नका. ‘हा डिझी आहे ना?’ असं विचारलं की समोरचा मान डोलावतो. दोन टेक एकच आहेत की वेगळे, हे ठरवायला ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन ट्रॅक एकाखाली एक लावा आणि सोलोतल्या एखाद्या ठळक जागेपासून जुळवून बघा. वेगात थोडा फरक असला तरी सोलोतल्या फ्रेझा तंतोतंत त्याच असतील तर टेक एक. फक्त शीर्षक बदललेलं असेल.

टोपणनावाची नोंद दोन भागांत करा: लेबलवर काय छापलंय आणि प्रत्यक्षात कोण. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमधल्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डवर पार्कर ‘चार्ली चॅन’ म्हणून आहे. त्याच रेकॉर्डवर चार्ल्स मिंगसने आपला बास नंतर स्टुडिओत पुन्हा भरला, कारण मूळ टेपमध्ये तो नीट ऐकू येत नव्हता. अशा वेळी सेशनची एक तारीख पुरत नाही. मूळ कार्यक्रम आणि नंतरची भर, दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा.

प्रकाशित न झालेलं खोडू नका

‘अप्रकाशित’ आणि ‘नाकारलेलं’ हे शेरे कंटाळवाणे वाटतात. जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ६ मार्च १९६३ रोजी व्हॅन गेल्डरकडे एक अख्खं सेशन केलं. कंपनीची मूळ टेप हरवली, कुटुंबाकडे राहिलेली प्रत सापडली, आणि २०१८ मध्ये रेकॉर्ड निघाली. त्यातल्या दोन रचनांना नावंच नव्हती. ‘अनटायटल्ड ओरिजिनल ११३८३’ आणि ‘११३८६’ अशा मास्टर क्रमांकांनीच त्या प्रसिद्ध झाल्या.

नोंदवही कशात ठेवावी

ब्रायन नावाचं खास डिस्कोग्राफीसाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे, पण सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरते. तीन तक्ते करा: सेशन, टेक, प्रकाशन. प्रत्येक सेशनला तुमचा स्वतःचा एक क्रमांक द्या आणि तो कधी बदलू नका, कारण तारीख उद्या बदलू शकते. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. एक्सेलला तारीख दिली की ते तिचं परस्पर काहीतरी करतं, आणि १९०० पूर्वीची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाही. मॅट्रिक्स क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि मध्ये ‘ई’ असलेला क्रमांक भलत्याच आकड्यात बदलतो. नावं मराठीत लिहायची असली तरी शेजारी रोमन लिपीतलं, लेबलवरचं स्पेलिंग हवंच. ॲडर्ली की ॲडरली, यावर पुढे शोध अडायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना स्रोताचा. तो सेशनला एक असा नको, माहितीच्या प्रत्येक तुकड्याला हवा: तारीख कुठून, जागा कुठून, बासवादकाचं नाव कुठून. शेजारी भरवशाची पातळी: कागदावरून, कानावरून, बहुधा. ‘मार्च १९४७ च्या सुमारास’ ही चांगली नोंद आहे. पुरावा नसताना ‘१५ मार्च १९४७’ लिहिणं म्हणजे खोटी नाणी पाडणं.

आपल्या वाटणीचं काम

न्यूयॉर्कच्या सेशनवर तिकडचे लोक कित्येक दशकं राबतायत. मुंबई आणि कलकत्त्याच्या सेशनवर हात कमी आहेत, आणि तिथे आपण उपयोगी पडतो. लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. क्रिकेट स्मिथ हा १९१३-१४ मध्ये बँडप्रमुख जेम्स रीस युरोप याच्याबरोबर रेकॉर्ड केलेला कॉर्नेटवादक. त्याने १९३६ मध्ये मुंबईत रेक्स लेबलसाठी ध्वनिमुद्रण केलं. टेडी वेदरफर्ड १९२६ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर पियानोवर होता, पुढे कलकत्त्यात कोलंबियासाठी वाजवत राहिला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही. सिनेमाच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत, त्यामुळे या मंडळींचं निम्मं काम निनावी पडून आहे.

इथे तबकडीच प्रथम पुरावा. जुन्या बाजारात भारतीय छापाचं नाचाच्या संगीताचं, फॉक्सट्रॉट लिहिलेलं लेबल दिसलं तर घासाघीस नंतर करा, आधी कड्याचा फोटो काढा. विकत घेतलीत तर उभी ठेवा, आडवी थप्पी नको. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत एलपी महिन्याभरात वाकते. वादकांच्या घरच्यांकडे गेलात तर ‘कुठल्या साली?’ हा प्रश्न विचारू नका. गाणं वाजवून दाखवा, फोटो पुढे ठेवा, ‘तेव्हा तुम्ही कुठे राहत होता, कोण बरोबर होतं?’ असं विचारा. साल आपण नंतर काढू. काका-काकूंची परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा, आणि त्यांनी सांगितलेला घरगुती भाग नोंदवहीत उतरवू नका.

दुरुस्तीची वही

पहिली आवृत्ती बाहेर पडली की दुरुस्त्या येऊ लागतात. येत नसतील तर कुणी वाचलेली नाही. जुनी माहिती खोडून नवी लिहू नका. दुरुस्तीचा वेगळा तक्ता ठेवा: कुठला सेशन क्रमांक, आधी काय होतं, आता काय, कुणी सांगितलं, कशाच्या आधारावर, कधी. आधार नसलेली दुरुस्ती आली तर ती ‘तपासायचं’ या रकान्यात पडून राहू दे, पाठवणारा कितीही मोठा असला तरी. प्रत्येक आवृत्तीच्या डोक्यावर तिचा दिनांक टाका, म्हणजे तुमची यादी उतरवून घेणाऱ्याची प्रत कितपत शिळी आहे ते वाचणाऱ्याला कळेल. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन, आणि एक दुसऱ्या गावातल्या अशा माणसाकडे द्या, जो ती उघडून बघेल आणि चुका काढेल.